खालून जाणारी वाट

१

धाकटीला रस्ते लक्षात राहत नसत. लहानपणी कोपऱ्यावरच्या दुकानात गेली, तरी परतताना भलत्याच जिन्यावर चढायची आणि अनोळखी दारासमोर उभी राहून, आपल्या घराचं दार असं कसं बदललं म्हणून भोकाड पसरायची. घरात हा थट्टेचा विषय होता. आई म्हणायची, "हिला घरातल्या घरात सोडलं तरी शोधायला माणूस पाठवावं लागेल." थोरली त्यावर फारशी हसत नसे, कारण पाठवलं जाणारं माणूस म्हणजे तीच. मैत्रिणींच्या देखत बहिणीला हाताला धरून आणताना तिला बहिणीची लाज वाटायची. मग रात्री अंथरुणात पडल्यावर त्या लाजेची लाज वाटायची, ती वेगळीच.

पुढे थोरली ॲप बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. विद्यापीठाच्या आवारात मुलांना वाट दाखवणारं ॲप करायचं काम त्या कंपनीकडे आलं, तेव्हा तिनं ते मागून घेतलं. धाकटी त्याच विद्यापीठात पहिल्या वर्षाला होती. वर्ग सापडेपर्यंत तास सुरू झालेला असायचा, आणि उशिरा दार ढकलून आत शिरायचा धीर होत नाही म्हणून बया बाहेरच्या कट्ट्यावर बसून राहायची.

"हे मी तुझ्यासाठीच करतेय असं समज," थोरली तिला म्हणाली.

"मग त्यात बाण मोठा दे," धाकटी म्हणाली. "बारीक बाण मला कळत नाहीत."

थोरलीनं बाण मोठा दिला. त्यावरून ऑफिसात वाद झाला, पण ती हटली नाही.

२

नकाशा करायची त्यांची रीत साधी होती. फोन छातीशी धरून प्रत्येक वाट स्वतः चालायची, म्हणजे चाललेली वाट रेघ होऊन नकाशात उमटते. टीमचा प्रमुख मोठा कामसू माणूस होता. सगळ्यांच्या डोक्यावर उभा राहून काम करून घ्यायचा, म्हणून सगळे त्याला मुकादम म्हणत, आणि त्यालाही ते आवडे. त्याचा एकच नियम होता. जिथं आपले पाय लागले नाहीत, ती वाट नकाशात नाही.

थोरलीनं सगळं आवार पायाखाली घातलं. राहिला तो रसायन विभागाचा खालचा मजला. तिथं ती गेली तेव्हा दाराला कुलूप होतं, किल्लीवाला कुठं गेला कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तिचे पाय तर बोलायला लागले होते. स्क्रीनवर बघितलं तर रसायन आणि ग्रंथालय या दोन इमारती पाठीला पाठ लावून उभ्या. वरून जायचं तर अख्ख्या मैदानाला वळसा. खालून जोड असणारच, तिनं मनाशी ठरवलं, आणि बोटानं एक सरळ रेघ ओढून टाकली. उद्या येऊन चालू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मुकादमानं ती रेघ बघितली आणि टेबलावर थाप मारली. "याला म्हणतात काम! एवढी वर्षं लोक मैदानाला प्रदक्षिणा घालतायत आणि ही पोरगी जमिनीखालून वाट काढून आली." सगळ्यांनी मान डोलावली. त्या वेळी एक वाक्य बोललं असतं की भागलं असतं. थोरली नुसती हसली. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नंतर एकदा ती किल्ली मागून खाली गेली. लांबलचक मार्गिका होती, दोन्ही अंगांना बंद खोल्या, आणि टोकाला भिंत. भिंतीला लावून मोडकी बाकं रचलेली. तिनं बाकांमधून हात घालून भिंतीला तळवा टेकला. भिंत थंड होती, कुठलीही भिंत असते तशी. चाचणीच्या आधी रेघ पुसून टाकू असं ठरवून ती वर आली.

३

चाचणीचीही एक रीत होती. ज्याची चाचणी घ्यायची त्याच्या हातात कंपनीचा फोन द्यायचा आणि त्याचा स्वतःचा काढून घ्यायचा, म्हणजे कुणाला विचारायची सोय नाही. मग सांगायचं, अमुक ठिकाणी जा, आणि जाताना मनात येईल ते मोठ्यानं बोलत राहा. ऐकणारा कानात हेडफोन घालून ऐकतो. त्याला बोलता येत नाही, कारण आवाज एकाच बाजूनं येईल अशीच सोय केलेली. मुकादम म्हणायचा, "चुकणाऱ्याला वाट सांगायची नाही. दयेपोटी केलेली चाचणी चाचणीच नव्हे."

पहिल्या फेरीच्या वेळी थोरली तापानं घरी पडली होती. रेघ पुसायची राहून गेली ती राहूनच गेली. कामावर परतली तर मुकादमाचे पाय जमिनीला लागत नव्हते.

"तुझी खालची वाट हिट आहे! ग्रंथालयाला पाठवलेला एकूणएक जण तिकडूनच गेला. आणि पोचला की!"

थोरलीला वाटलं, बाकं हलवली असतील, मागे दार असेल, आपल्याला दिसलं नसेल. चाचणीसाठी मुकादमानं खालचं कुलूप काढून घेतलं होतं, जेवणाच्या सुट्टीत ती धावतपळत खाली गेली. बाकं जिथल्या तिथं होती. त्यांच्यावरची धूळसुद्धा कुणी मोडलेली नव्हती.

मग तिनं स्वतःची समजूत काढली. जमिनीखाली फोन गोंधळतात, हे या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मुलं वरूनच गेली असणार, आणि ॲपनं आपल्या हुशारीनं त्यांना रेघेवर बसवलं असणार. समजूत चांगली होती, फक्त ती पटत नव्हती.

४

दुपारी तिनं ध्वनिमुद्रणं ऐकायला घेतली. पहिलं होतं एका बडबड्या मुलाचं. वर्गात सगळ्यांना हसवणारा असावा.

"उतरतोय जिना... भुयारात चाललोय मित्रांनो, वाचलो तर भेटू... इथं बाकं आहेत. हां, मधून जागा आहे."

त्याच्या बुटांचा मार्गिकेत घुमणारा आवाज एकदम बसला. गादीवरून चालावं तसा झाला. "गार आहे," मुलगा म्हणाला. त्यानंतर तो काही बोलला नाही. बराच वेळ नुसता श्वास. मग अगदी हळू, आदबीनं, "सॉरी." आणि थोडं पुढे, "सॉरी, सॉरी." गर्दीतून खांदा तिरका करून वाट काढताना माणूस म्हणतो तसं. मग बूट पुन्हा वाजायला लागले. "आलो. पुस्तकं दिसली."

दुसरं मुद्रण एका मुलीचं होतं. तिसरं कुणा तोतऱ्याचं. सगळे त्याच जागी गप्प झाले होते आणि सगळ्यांनी सॉरी म्हटलं होतं.

तिनं बडबड्याला फोन लावला. "तिथं खाली तू सॉरी कुणाला म्हणालास?"

"मी?" तो हसला. "मॅडम, मी आईलासुद्धा सॉरी म्हणत नाही."

थोरलीही हसली. हसू संपल्यावरही तो फोन धरून राहिला, तिनं पुढचं काही सांगावं याची वाट बघत असल्यासारखा. शेवटी तिनंच फोन ठेवला.

मुकादम समोरच बसला होता. उठून सांगायचं तर काय सांगायचं? नसलेल्या वाटेनं मुलं जातायत म्हणून? त्याचा पहिला प्रश्न असणार, मग ती काढली कुणी? तिनं मान पुन्हा लॅपटॉपमध्ये घातली. खरं सांगायचं तर त्या आवाजांची तिला भीती वाटली नाही असं नाही, पण मुकादमाच्या चेहऱ्याची जास्त वाटली.

५

विद्यापीठाच्या समितीपुढे ॲप दाखवायचा दिवस उजाडला. ग्रंथालयातल्या बैठकीच्या खोलीत मोठा पडदा लावला होता. मधोमध समितीचे अध्यक्ष बसले होते. त्यांच्या शेजारी इमारत विभागाच्या प्रमुख बाई होत्या. त्यांच्या पर्समध्ये कायम मोजायची टेप असे, म्हणून सगळे त्यांना माघारी टेपबाई म्हणत. एक मुलगी चालणार, तिचा ठिपका पडद्यावर सरकणार, तिचं बोलणं स्पीकरवर सगळ्यांना ऐकू येणार, असा बेत होता. ती मुलगी ऐन वेळी आलीच नाही.

"तुझी धाकटी इथंच शिकते ना?" मुकादम म्हणाला. "बोलव तिला. वाट चुकणारीच हवी. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"तिचा तास असेल," थोरली म्हणाली.

तास नव्हता. धाकटी ओढणी सावरत आली, एवढी माणसं बघून बावरली, आणि ताईकडे बघून हसली. अध्यक्षांनी चष्मा पुसत फर्मावलं, रसायन विभागापासून इथं या. थोरलीनं आधीच्या सगळ्यांना आठवून बघितलं. सगळे पोचले होते. एकालाही खरचटलं नव्हतं. मग आता ओरडून थांबवायचं ते कशासाठी, आणि सगळ्यांसमोर? तिनं बहिणीचा फोन काढून ट्रेमध्ये ठेवला आणि कंपनीचा तिच्या हातात दिला.

"चुकले तर?" धाकटीनं हळूच विचारलं.

"बाणाकडे बघत राहा."

६

"मी जिना उतरतेय," स्पीकरवर धाकटीचा आवाज आला. "बाण छान मोठा आहे. ताई, ऐकतेयस ना? हो, तू बोलायचं नाहीस. माहितेय मला."

खोलीत हशा पिकला. ठिपका सरकत होता.

"बाकं आलीत. मी अंग चोरून जाते."

"बाकं?" टेपबाई पुढे वाकल्या. "अहो, ती तर आम्ही टोकाच्या भिंतीला लावून ठेवलीत. ही रेघ कुठं निघालीय पुढे?"

"खालून ग्रंथालयात, बाई," मुकादम कौतुकानं म्हणाला.

"खालून कसलं खालून? ती भिंत बांधली तेव्हा मी तिथं उभी होते. तिच्यामागे नुसती माती आहे."

ठिपका बाकांच्या पलीकडे गेला होता. स्पीकरवर पावलांचा आवाज बसला. धाकटी अगदी हळू म्हणाली, "सॉरी हं."

"हा नकाशा केला कुणी?" अध्यक्षांनी विचारलं, आणि सगळ्यांच्या माना थोरलीकडे वळल्या.

तिचे कान तापले. धरणी पोटात घेईल तर बरं असं माणसाला वाटतं म्हणतात, ते तिला त्या क्षणी खरंच वाटलं. "जुनी कच्ची रेघ राहून गेली असेल," ती म्हणाली. "एक मिनिट. काढते." तिनं आधी स्पीकर बंद केला; आवाज आता फक्त तिच्या कानातल्या हेडफोनवर येत होता. मग रेघ निवडली आणि पुसली. पण ॲपच्या पोटात कुणी काय कधी बदललं याची नोंद राहते, आणि तिथं तिचंच नाव होतं. तीही पुसायला तिनं बटण दाबलं. कायमचं पुसायचं का, असं यंत्रानं विचारलं. तिनं हो म्हटलं.

तिच्या एकटीच्या कानात धाकटी म्हणाली, "ताई, बाण गेला."

पडद्यावर ठिपका तसाच होता, खाली रेघ नसलेला, करड्या जागेत एकटा. "जमिनीखाली सिग्नल जातो," मुकादमानं वेळ मारून नेली. "येईल पोरगी फिरून वरून. तोवर चहा घेऊ या." सगळ्यांना ते पटलं. चहा आला. थोरलीनं उठून धावत सुटायला हवं होतं. पण अध्यक्ष बघत होते, आणि एकदम उठलं तर का उठली ते सांगावं लागलं असतं. कप संपेपर्यंत ती बसून राहिली.

७

ती खाली पोचली तेव्हा मार्गिकेत कुणी नव्हतं. बाकांवर चढून तिनं भिंतीवर मूठ आपटली. प्लास्टरचे चार कण अंगावर पडले.

"कुणीतरी ठोकतंय," धाकटी कानात म्हणाली. "लांब. वर की खाली कळत नाही." ती घाबरलेली वाटत नव्हती. चाचणी नीट द्यायची म्हणून आठवणीनं बोलत होती. "इथं खूपजण आहेत, ताई. सगळे हातातल्या फोनकडे बघत उभे आहेत. आमच्या वर्गातला बडबड्यापण आहे. तो तर सकाळी कॅन्टीनमध्ये होता... मी हाक मारली. तो बोलत नाही गं."

थोरलीनं भिंतीला तोंड लावून बहिणीला लाडाच्या नावानं हाक मारली. उत्तर आलं नाही. तिच्याकडून पलीकडे आवाज जायची सोयच नव्हती.

"काय झालं गं?" मागे टेपबाई उभ्या होत्या, हातात उघडलेली टेप. त्या भिंत बघायला आल्या होत्या.

आता तरी सांग, थोरली स्वतःला म्हणाली. बाई वाईट नव्हत्या. त्यांनी शिव्या घातल्या असत्या आणि भिंतही फोडायला लावली असती.

"काही नाही. बहीण इकडून गेली का बघत होते."

"ती काय भिंतीतून जाणारे?" टेपबाई हसल्या.

थोरलीही हसली. बाकावरून उतरताना तिनं हाताचं प्लास्टर ओढणीला पुसलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते तिला कळत होतं, आणि तरीही ती हसत होती.

८

बैठकीच्या खोलीत समितीची मंडळी बिस्किटं मोडत गप्पा मारत होती. थोरलीनं कोपऱ्यात लॅपटॉप उघडला आणि रसायनपासून ग्रंथालयापर्यंत पुन्हा रेघ ओढली.

"आला बाण!" धाकटी म्हणाली. मग थांबली. "पण ही वाट ती नाही. ही उतरतेय."

तिनं उतार काढला नव्हता. तिनं नुसती रेघ काढली होती. पुसली, दुसरी ओढली.

"आता नुसती दारं आहेत. उघडू का? नको, नको. एकाच्या मागून कुणीतरी उघडतंय."

पुसली. हातानं ओढलेली रेघ पहिल्यासारखी पुन्हा येत नाही, कितीही जपून ओढली तरी. आणि पहिली नेमकी कुठून गेली होती हे सांगणारी नोंद तिनं आपल्या हातानं संपवली होती. ती ओढत राहिली. शेवटी डोळे मिटून, पहिल्या वेळी ओढली होती तशी, बेफिकिरीनं एक ओढली.

"हीच," धाकटी म्हणाली. आवाजात जीव आला. "हीच ती. टोकाला उजेड दिसतोय, ताई. आलेच मी." पावलं भराभर पडू लागली. मग धाप लागलेला आवाज, "अहो, ढकलू नका ना. थांबा..." आणि त्यावर दुसराच एक आवाज, अगदी जवळून, अगदी धाकटीसारखा. "सॉरी."

खोलीचं दार उघडलं. धाकटी आत आली.

"पोचले!" ती म्हणाली. ओढणी जागेवर, केस जागेवर. समितीनं टाळ्या वाजवल्या. मुकादमाचा जीव भांड्यात पडला. तिनं फोन त्याच्या हातात दिला आणि त्यानं तो बंद करून खोक्यात ठेवला.

"ताई," थोरलीच्या कानात धाकटी म्हणाली, "माझ्याआधी कुणीतरी गेलं. बाण पुन्हा गेला."

९

घरी जाताना ती पुढे चालत होती आणि थोरली मागे. चौकात ती अडखळली नाही. गल्ली ओळखायला थांबली नाही. त्यांच्याच जिन्यावर चढली, त्यांच्याच दाराची बेल वाजवली. आईला तर कौतुकानं काय करू नि काय नको झालं. "आज एकटी पोचली? सगळ्या साहेबांसमोर? बाई बाई, सुधारली माझी पोर!" तिनं तिला जवळ घेतलं, आणि तीही आईच्या खांद्यावर मान टाकून उभी राहिली. त्या खांद्यावरून ती थोरलीकडे बघत होती. बघणं वाईट नव्हतं. नवीन घरात आलेलं माणूस बघतं, तसं संकोचानं होतं.

"काढ ना आता ते कानातलं," ती हळूच म्हणाली.

थोरलीनं आईकडे बघितलं. आईच्या डोळ्यांत पाणी होतं. ही ती नव्हे, असं म्हणायचं तर सुरुवातीपासून सांगायला हवं. कुलूप, रेघ, टाळ्या, भिंत. हात लावल्यावर थंड लागलेली भिंत, आणि त्यानंतरही गप्प बसलेली आपण.

कानात धाकटी बोलत होती. दमली होती, पण शहाण्यासारखी बोलत होती. "ताई, मी इथंच थांबते. चालत राहिले की मी आणखी चुकते. मी कुठं जात नाही, तू ये. आणि काळजी नको करूस, मी चाचणी बिघडवली नाही. कुणालाच काही विचारलं नाही मी."

थोरलीनं हेडफोन काढला. आवाज बारीक झाला, पण बंद झाला नाही. तिनं वायर बोटांना गुंडाळली, कपाटाचा खण उघडला, आतल्या कपड्यांखाली तो सारला आणि खण लावला.

"कुणाचा फोन होता गं?" आईनं विचारलं.

"कुणाचा नाही," थोरली म्हणाली.